तुळजाचं उप्पागं आणि माझं कन्नड

कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्यात उप्पागं वाळवणारी माणसं पुष्कळ हायती. पण माझ्या भैणीच्या, तुळजाच्या, हातचं उप्पागं एकदा बगितलं की दुसऱ्याचं बगूच वाटत न्हाई. भाऊ हाय म्हणून सांगत न्हाई मी. दांडेलीचा व्यापारी येतो, पोत्यात हात घालतो, एक साल काढून नाकाला लावतो आन इचारतो, "शिवानंद, ह्ये तुळजाक्काचं न्हवं?" पोत्यावर काय नाव नसतंय. तरी वळखतो. असली भैण कुंभारवाड्याच्या बाजूला आणखी कुणाच्या घरात असंल तर मला दाखवा.

ह्ये सगळं मी मोठ्या तोंडानं सांगतोय खरं. पण त्याच वासापायी माझी मान खाली गेली, तेबी सांगणार हाय. सांगितल्याबिगर आता घास उतरत न्हाई.

उप्पागं म्हंजे काय, ते बाहेरच्या लोकांस्नी सांगाय पायजे. भिरंड तुमाला म्हायती असंल, ज्येला तुमी कोकम म्हणता. उप्पागं त्येचंच भावंड. दिसाय भोपळ्याच्या पिल्लागत, पिवळं, शिरा शिरा असल्यालं. आंबट असं की नुसतं नाव काढलं तरी जबड्यात कळ येती. आतल्या बियांवर गोड गर असतोय, तो माकडं खातात. बियांचं तूप निघतं, थंडीत टाचा फुटल्या की चोळायचं. आन साल वाळवायची. वाळली की काळीभोर हुती, चामड्यागत वाकती. माशाच्या आमटीत दोन तुकडे टाका आन मग मला सांगा.

आता गोष्ट अशी हाय की भिरंड पिकतं उन्हाळ्यात. अंगणात पसरलं की झालं. उप्पागं पिकतं ऐन पावसात. आमच्याकडं पावसाळ्यात ऊन म्हंजे पावण्यासारखं, आलं आलं म्हणस्तोवर गेलं. मग वाळवायचं कशावर? धुरावर. घरामागं कुडाची खोप, मधी खड्डा, खड्ड्यात लाकडं, वर बांबूची तट्टी आन तट्टीवर सालं. लाकडंबी भिजल्याली, त्यामुळं जाळ कमी आन धूर जास्त. आत बसून सालं हातानं परतत ऱ्हायचं. जरा दुर्लक्ष झालं की बुरशी तरी येती, न्हाईतर करपती तरी.

तुळजा म्हणायची, "अण्णा, भिरंड थोरलं, ते उनात लोळतं. उप्पागं धाकटं, त्येच्या नशिबाला धूर." आन माझ्याकडं बगून हसायची. मीबी हसायचो. थोरल्याचा मान असतोच की, त्यात काय!

तुळजा माझ्या पाठची. नंदिगड्ड्याला दिली हुती. नवरा तापानं गेला आन ती माघारी आली. लोक म्हणले, भैणीला कुठवर ठेवून घेणार? मी म्हणलं, माझं घर हाय, छप्पर माझं हाय, मी म्हणंन तवर. पंचायतीसमोर सांगितलं असं. ती आली ती येक कोयता आन सासरी शिकल्याली ही धुराची कला घेऊन. अंगानं काडीगत, पण जंगलात शिरली की मागं राहणार न्हाई. झाड सगळं ओरबाडायची न्हाई. खाली पडल्यालं फळ आपलं, झाडावरलं पाखरांचं, असा तिचा कायदा.

आन नकला! फारेष्टाचा गार्ड कसा बोलतो, व्यापारी कसा भाव पाडतो, मी ग्रामसभेत छाती काढून कसा उभा ऱ्हातो, सगळं करून दाखवायची. माझी बायको राजेश्वरी हसून हसून भाकरी करपवायची. "वैनी, ही बग अण्णाची चाल," म्हणायची आन परड्यातनं कोंबड्यागत चालत जायची. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी सोडलं नसतं.

तिच्या अंगाला, केसाला, लुगड्याला बारमाही धुराचा वास. शेजारच्या वाडीतली पोरं अंधारात नुसत्या वासावर "तुळजाआत्या आली" म्हणायची. आन तिला खोकला हुता. लई दिसांचा. कोंबडं आरवायच्या आधी तुळजा खोकायची. आमी म्हणायचो, घड्याळ कशाला पायजे? थट्टा करायचो. खोकल्याची थट्टा करत हुतो आमी.

आता बाटलीचं सांगतो. कुळगीच्या कॅम्पाकडं शहराची माणसं येतात, त्यांस्नी जंगलात वाट दाखवायला मला बोलवतात. कारण जंगल म्हायती असणारा आन बोलता येणारा असा माणूस मीच. तर पुण्याची येक बाई आलती. झाडाखाली पडल्यालं उप्पागं बगून ओरडलीच. पिशवीतनं गोळ्यांची बाटली काढली. बाटलीवर चित्र, हुबेहूब आमचं उप्पागं! म्हणली, "काका, हे वजन कमी करायला घेतात. ह्यात अँटिऑक्सिडंट असतात."

मी म्हणलं, "म्हंजे काय ओ?"

ती म्हणली, "लोखंडाला कसा गंज चढतो, तसा आपल्या शरीरालाही आतून चढतो. ही फळं तो गंज रोखतात. तुमचं कोकम, जांभूळ, करवंद, आवळा, सगळ्यात असतं ते. तुम्ही किती नशीबवान!"

नशीबवान म्हणली. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी. म्हणलं, "बाई, ह्या बाटलीतलं उप्पागं माझ्या भैणीनं वाळवल्यालं असणार." त्या बाटलीतलं कुणी वाळवलं ते देवाला ठावं, पण मी म्हणलं. बाटली रिकामी हुईत आलती, बाईनं ती मला दिली. मी ती घराच्या पुढच्या खांबाला तारेनं बांधली. येईल जाईल त्येला दाखवायचो. "बगा, जोयड्याचं फळ. अख्ख्या दुनियेचा गंज काढतंय."

जीप चालवणारा परशू म्हणून आमचा येक दोस्त हाय. त्येनं माझ्या तोंडनं ते गंजाचं इंग्रजी नाव ऐकलं आन म्हणला, "काय म्हणलास? अँटी ॲक्सिडेंट? मग ते पोटात कशाला, गाडीत पायजे!" लिंबू-मिरचीच्या दोऱ्यात त्येनं उप्पाग्याच्या साली ओवल्या आन जीपला टांगल्या. त्याच आठवड्यात जीप गटारात. मला रस्त्यातनं हाक मारतो, "शिवानंदा, तुझं अँटी ॲक्सिडेंट फेल रे!"

तुळजा म्हणली, "परशूदादा, ते फळ गंज काढतं. तुझ्या गाडीचा गंज काढला आन गाडीच शिल्लक ऱ्हायली न्हाई." सगळे हसले. तीबी हसली. हसता हसता खोकला आला, आन तो थांबंचना. खांब धरून उभी ऱ्हायली. बाटली बांधल्याल्या खांबालाच. ओठ निळसर झालते. मी बगितलं, आन पाणी आणाय सांगितलं. तेवढंच.

त्या साली मी व्यापाऱ्याला शब्द दिला. म्हणलं, आता ह्या फळाला दुनियेत मागणी हाय, तुळजा आधीच्या दुप्पट माल करंल. तिला न इचारता दिला. घरी येऊन सांगितलं तर म्हणली, "दिलास? मग झालं." आन खोपीत दुसरी तट्टी बांधली. लाकूडबी दुप्पट, धूरबी दुप्पट. श्रावणात ती सकाळी आत जायची ती जेवायलाच बाहेर. डोळे लाल, आवाज बसल्याला. व्हाळाकडची, म्हंजे ओढ्यावरनं वर येणारी, चढण तिला चढवंना. मधीच बसायची. म्हणायची, "वय झालं." वय! माझ्यापेक्षा लहान हाय ती.

राजेश्वरी माझ्यामागं लागली, "दवाखान्यात न्या तिला. भैण हाय का लाकूड हाय तुमची?" तवा कुठं नेली.

दवाखान्यात डॉक्टरीण नवी हुती. श्वेता नाव, म्हैसूरकडची, मराठीचा गंध न्हाई. मी म्हणलं, काळजी नको, मी हाय. सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकलोय, फारेष्ट हापिसात सायबाशी मी कन्नडमधनं भांडतो. वाडीत कुणाचं काम असलं तरी मलाच पुढं घालतात. तुळजाला बाकड्यावर बसवलं, मी छाती काढून उभा ऱ्हायलो. भोवती आमच्याच बाजूची माणसं, धा-बारा तरी असतील, सगळ्यांचं कान आमच्याकडं.

डॉक्टरणीनं नळी लावली, पाठीवर टकटक केलं, आन मला इचारलं, "मनेयल्ली होगे इदेया?"

आता ह्ये नीट समजून घ्या, सगळी गोष्ट हितंच हाय. कन्नडमधी होगे म्हंजे धूर. आन तंबाखूला म्हणतात होगेसोप्पु, म्हंजे धुराचं पान. आमच्या बाजूला त्यातलं निम्मं गळून जातं. तंबाखू मागायची झाली की नुसतं 'होगे दे' म्हणतात. ती इचारत हुती, घरात धूर असतो का? आन मी ऐकलं, घरात तंबाखू, बिडी चालती का?

धा माणसांत, माझ्या भैणीकडं बगून, असं इचारलं. माझं डोस्कंच फिरलं. आमच्या घरात बाईमाणूस सोडा, गड्यानं बिडीला हात लावला न्हाई. माझ्या बापानं लावला न्हाई. मी हात वर करून, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "इल्ला! नम्म मनेयल्ली होगे इल्लवे इल्ला!"

आमच्या घरात धूर म्हणून न्हाईच. असं म्हणलो मी. चुलीच्या, खोपीच्या, दोन दोन तट्ट्यांच्या घरातला माणूस.

तुळजानं माझ्याकडं बगितलं. मग खाली बगितलं.

डॉक्टरणीनं मान डोलावली. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, म्हणली, टीबी न्हाई. औषध दिलं खोकल्याचं, म्हणली उतार पडला न्हाई तर लगेच परत या. मी येताना परशूच्या जीपमधी सगळ्यांस्नी सांगत आलो, "काय न्हाई हो, सादा खोकला. आन ती काय इचारती, बिडी वढता का म्हणून! असं झापलं म्हणता तिला!" तुळजा खिडकीकडं तोंड करून बसल्याली.

औषध संपलं. खोकला काय कमी झाला न्हाई. मी परत नेलं न्हाई. आपलं म्हणणं मांडून आल्यावर परत काय जायचं, असं वाटलं. ती खोपीत जात ऱ्हायली. माझा शब्द हुता न्हवं!

येक दिवस ती खोपीच्या दारातच बसली. उठवंना. श्वास असा घेत हुती जसं कुणी तोंडावर गोधडी धरलीया. राजेश्वरीनं तिला अंगणात आणून बसवलं, पाठ चोळली. आत तट्टीवर सालं अर्ध्यावर वाळल्याली. मी म्हणलं, "बस तू. आज मी परततो. काय यवढं अवघड हाय त्यात?"

आत गेलो. खरं सांगतो, त्या खोपीत काम करायला मी कधीच गेलो नव्हतो. पोती उचलायला दारापर्यंत जायचो. आत वाकून तट्टीवर हात टाकला आन धूर असा नाकातोंडात गेला की डोळ्यापुढं अंधारी आली. चार साली उलटवल्या न्हाईत तवर छाती जाळल्यागत झाली. बाहेर पळालो, अंगणात गुडघ्यावर बसलो, नाकाडोळ्यांतनं पाणी, खोकतोय नुसता.

आन तुळजा, जिला धड श्वास घेता येत नव्हता, ती पदर तोंडाला लावून, डॉक्टरणीच्या बारीक आवाजात मला इचारती, "मनेयल्ली होगे इदेया?"

राजेश्वरी हसाय लागली. मग मी वर बगितलं तशी गप झाली.

मी म्हणलं, "तुला कळलं हुतं? तवाच?"

"मला कानडी येत न्हाई व्हय?" तुळजा म्हणली. येकेक शब्दाला थांबत हुती. "ती धुराचं इचारत हुती. तू तंबाखूवर गेलास."

"मग तोंड का उघडलं न्हाईस, बये?"

"धा माणसांत थोरल्या भावाला खोटं पाडू? तू हात वर करून सांगत हुतास. ग्रामसभेत सांगतोस तसं." मग जरा श्वास घेतला. "आन खरं सांगितलं असतं तर ती म्हणली असती खोप बंद कर. मग तुझ्या शब्दाचं काय? चूक माझीबी हाय, अण्णा. मी गप बसले. वैनीला उगंच तरास, तुला तरास."

चूक तिची म्हणती! माफी मागाय लागली माझी. तोंड धुवायच्या निमित्तानं हंड्याकडं गेलो आन तिथंच उभा ऱ्हायलो.

दुसऱ्या दिवशी परशूची जीप बोलवली. जाताना खांबावरली बाटली सोडवली, आन घरच्या उप्पाग्याचं सरबत येका बाटलीत भरून घेतलं. दवाखान्यात तीच गर्दी. डॉक्टरणीनं हाक मारायच्या आधीच मी दारात उभं राहून म्हणलं, पयल्यापेक्षा मोठ्यानं म्हणलं, "इदे, अव्वा! नम्म मनेयल्ली होगे इदे! माझी भैण धूर वढती. पावसाळाभर वढती. तंबाखूचा न्हवं, लाकडाचा. मी त्या दिशी खोटं बोल्लो."

बाकड्यावरनं कुणीतरी म्हणलं, "शिवानंद काय म्हणतोय? भैण बिडी वढती?" म्हणू दे. माझे कान गरम झालते, पण म्हणू दे.

डॉक्टरीण रागावली न्हाई. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं तुळजाला येका नळीत जोरानं फुंकाय लावलं. तुळजाच्या फुंकीनं आतला काटा जेमतेम हलला. आमचं सगळं बोलणं कन्नडमधनंच झालं, मी मराठीत सांगतो. डॉक्टरीण म्हणली, "बिडी न ओढता बिडीवाल्यासारखी छाती झालीय. झालंय ते सगळं परत येणार नाही. पण धूर थांबवला तर पुढचं वाचेल. हा पंप रोज ओढायचा."

मी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. म्हणलं, "ह्या फळानं गंज जातो म्हणतात. तिला रोज पाजतो. लागंल तेवढं पाजतो. जाईल का?"

तिनं गोळ्यांची बाटली वाचली आन बाजूला सारली. "ह्या गोळ्या नको. काही लोकांच्या लिव्हरला त्रास झालाय ह्याच्यानं. वजनाचंही बाटलीवर लिहितात तेवढं काही खरं नाही." सरबताच्या बाटलीचं बूच उघडून वास घेतला. "हे चांगलं आहे. जेवणात फळ खा, कोकमाचं सार प्या, जांभळं आली की जांभळं खा, आवळा खा. तुमच्या जंगलातली फळं गुणाचीच आहेत. प्रयोगशाळेत दिसलंय तसं. पण काचेच्या नळीत दिसतं ते छातीत होतंच असं नाही. छातीतला धूर फळानं पुसता येत नाही, दादा. आधी धूर बंद."

तुळजा माझ्या कानात मराठीत म्हणली, "अँटी ॲक्सिडेंट फेल." मला हसू आलं न्हाई.

व्यापाऱ्याला मी फोन लावला. म्हणलं, शब्द मोडला. आयुष्यात पयल्यांदा म्हणलो. खोपीचा येक कूड पाडला. परशूनं गॅरेजातला जुना ड्रम आणि पत्र्याची नळी आणली. आता जाळ बाहेर ड्रमात, धूर तट्टीखालच्या नळीतनं छपराच्या वर, आन तट्टीला नुसती ऊब. असलं काम बाकीच्या वाड्यांत आधी झालतं म्हणे. मला म्हायती नव्हतं असं न्हाई. म्हायती हुतं. त्यानं साल काळी हुत न्हाई, तांबूस ऱ्हाती, म्हणून मी नाक मुरडल्यालं.

आता सालं मी परततो, राजेश्वरी परतती. तुळजाला जवळ येऊ देत न्हाई. ती पायरीवर बसून येकेक साल नाकाला लावती. म्हणती, "धुराचा वास न्हाई. आता व्यापारी वळखायचा कसा, की ह्ये तुळजाचं?"

मी तट्टीवरली येक साल उचलतो, नाकाला लावतो, आन परत ठेवतो.

खोकला कमी हाय. पण व्हाळाकडची चढण अजून तिला येका दमात चढवत न्हाई. मधी थांबाय लागतं. वाटेवर माणसं असतात, बगतात, आन थांबल्यालं तिला कमीपणाचं वाटतं. म्हणून मी पुढं चालतो, आन तिचा श्वास मागं वाजाय लागला की वाकतो. चपलेचा अंगठा निसटला म्हणतो. खाली बसून तो घालत ऱ्हातो, निगुतीनं, तिचा श्वास खाली बसंस्तोवर. थोरला भाऊच थांबलाय म्हणल्यावर धाकटीनं थांबाय पायजेच की.

काल तशीच थांबली. माझ्या डोक्यावरनं खाली व्हाळाकडं बगत म्हणली, "अण्णा, नवी चप्पल घे की रे. रोज त्याच जाग्याला तुटती तुझी."

"बगू," म्हणलं, आन अंगठा परत काढून परत घातला.